डेन्मार्कच्या राजवाड्यात विदूषकांची टोळी

बाप गेला. दोन महिनेही झाले नाहीत तोच आईने काकाशी लग्न केले. मग बापाचे भूत येऊन मुलाला सांगते, की मला त्यानेच विष घालून मारले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ची ही सुरुवात. शेवटचा पडदा पडेपर्यंत आणखी आठ जीव जातात. असल्या नाटकात हसण्यासारखे काय असणार?

2008 साली दिग्दर्शक रजत कपूर यांनी ‘हॅम्लेट - द क्लाउन प्रिन्स’ रंगभूमीवर आणले आणि प्रेक्षक चक्क हसले. यात राजवाडा नाही, जरीचे झगे नाहीत. चेहरे रंगवलेले काही विदूषक ‘हॅम्लेट’चा प्रयोग करायला निघाले आहेत, एवढीच कल्पना. संहिता त्यांना नीट कळत नाही. ते प्रवेश गाळतात, मागचे पुढे करतात, नको तिथे नको तो अर्थ काढतात. बोलणेही निम्मे इंग्रजी, निम्मे कुठल्याच भाषेत नसलेली अगम्य बडबड! अतुल कुमार यांचा सोसो नावाचा विदूषक हॅम्लेट होतो.

शेक्सपिअरची ही थट्टा कशाला, असे जुन्या रसिकांना वाटणे साहजिक आहे. आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलेला आणि गणपतराव जोशी यांनी गाजवलेला हॅम्लेट आपल्याकडे दंतकथेसारखा सांगितला जातो. पण अतिपरिचयाचाही एक तोटा असतो. प्रसिद्ध स्वगत सुरू झाले, की प्रेक्षक दुःख ऐकत नाही, पाठांतर तपासतो! बडबडीत पाठांतर तपासायची सोयच नाही. शब्द गेले, की उरतो तो आवाज, डोळे, हातांची चाळवाचाळव. मग समोर दिसतो तो फक्त बाप गमावलेला आणि आईवर रुसलेला मुलगा. हसता हसता प्रेक्षक बेसावध होतो आणि तेवढ्यात ते दुःख आत शिरते. गंभीर प्रयोगात त्याने आधीच मन घट्ट करून घेतलेले असते.

आणि विदूषक या नाटकात उपरे थोडेच आहेत? पाचव्या अंकात थडगे खणणाऱ्या दोघांना मूळ संहितेत विदूषकच म्हटले आहे. ते कोडी घालतात, गाणी म्हणतात. ते थडगे ऑफेलियाचे असते आणि हॅम्लेटला त्याचा पत्ता नसतो. तिथेच 23 वर्षे पुरलेली एक कवटी वर येते, ती राजाच्या विदूषकाची, योरिकची. लहानपणी हॅम्लेट त्याच्याच पाठीवर बसून खेळलेला. गंमत म्हणजे याच हॅम्लेटने तिसऱ्या अंकात नटांना तंबी दिली आहे, की विदूषकांनी लिहिलेल्याबाहेर एक शब्द बोलू नये. सोसो आणि मंडळींनी ती तंबी धाब्यावर बसवली, हे बरेच झाले.

मुलांना असा प्रयोग दाखवायचा असेल, तर मूळ गोष्ट घरी आधी सांगून ठेवावी. काय बिघडवले ते कळल्याशिवाय निम्मी मजा हुकते.

रजत कपूर इथे थांबले नाहीत. पुढे 2012 मध्ये त्यांनी ‘किंग लिअर’ला हात घातला. मूळ ‘लिअर’मधला राजाचा विदूषक तिसऱ्या अंकानंतर पुन्हा दिसत नाही. ‘नथिंग लाइक लिअर’ या एकपात्री प्रयोगात मात्र राजा, लेकी, दरबार सगळे गेले आणि रंगमंचावर उरला तो एकटा विदूषकच.