चार दांडे आणि हवी ती गती

आज चिखल्यात बोलतो आहोत, तेव्हा उदाहरणंही इथलीच घेऊ. तुमसर तालुक्यातलं हे मँगनीजचं गाव, 'मॉयल'ची भूमिगत खाण इथे आहे. खनिज वाहणाऱ्या टिपरच्या काचेवरचा वायपर बघा. मोटर एकाच दिशेने गोल फिरते, वायपर मात्र जातो आणि परत येतो. ही किमया चार दांड्यांची. पूर्ण फिरणारा छोटा दांडा म्हणजे क्रँक. दुसरा झुलता दांडा, वायपर त्याच्यावर बसवलेला. तिसरा या दोघांना बांधणारा जोडदांडा. आणि चौथा? तो दिसतच नाही. क्रँक आणि झुलता दांडा ज्या दोन खिळ्यांवर फिरतात, त्या खिळ्यांमधलं स्थिर अंतर हाच चौथा. न हलणाऱ्यालाही हलण्याच्या हिशेबात धरायचं! आमच्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्याला हे फार आवडतं.

पण 'हवी ती गती' म्हणजे नेमकी कोणती, हे आधी आकड्यांत सांगावं लागतं. समजा, झुलता दांडा 20 सेंटिमीटरचा आहे, तो 60 अंशांत झुलला पाहिजे आणि जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागला पाहिजे. कागदावर त्याच्या दोन्ही शेवटच्या स्थिती काढा. टोकाचे दोन बिंदू जोडणारी रेषा भरते 20 सेंटिमीटर. क्रँक तिच्या निम्मा, 10 चा. का? एका शेवटाला क्रँक आणि जोडदांडा सरळ रेषेत लांबलेले असतात, दुसऱ्या शेवटाला एकमेकांवर दुमडलेले. या दोन्हींतला फरक क्रँकच्या दुप्पट असतो. आता ती रेषा पुढे वाढवा आणि तिच्यावर क्रँकचा खिळा ठोका. रेषेच्या मध्यापासून खिळ्यापर्यंतचं अंतर ही जोडदांड्याची लांबी.

खिळा ठोकायचा कुठे, खरी गोम इथे आहे. मध्यापासून 12 सेंटिमीटरवर ठोकला तर यंत्र छान आटोपशीर होतं. ग्रासहोफचा 1883 चा नियमही पाळला जातो : सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दांडा मिळून उरलेल्या दोघांच्या बेरजेहून जास्त भरत नाहीत, म्हणून क्रँक पूर्ण फिरतो. झुलणंही बरोबर 60 अंश. तरीही ते वापरू नये! कारण फेऱ्यात एका जागी जोडदांडा आणि झुलता दांडा यांच्यातला कोन सुमारे 29 अंशांवर येतो. जोर दांडा हलवण्याऐवजी खिळ्यावरच रेटला जातो. सांध्यात थोडी धूळ बसली की अडकलंच. खिळा 30 वर न्या. कोन 55 च्या आसपास राहतो आणि काम सुरळीत होतं. हा कोन साधारण 40 च्या खाली जाऊ देत नाहीत. पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या घेऊन घरी करून बघा, बोटांनाच फरक कळेल.

आता खडक फोडणारा जबड्याचा क्रशर. त्याच्या एका प्रकारात हेच चार दांडे असतात, फक्त झुलत्या दांड्याऐवजी इथे जोडदांडाच काम करतो. हलता जबडा म्हणजे जोडदांडा. वरचं टोक क्रँकबरोबर जवळजवळ वर्तुळात फिरतं, खालचं टोक टॉगल नावाच्या पट्टीवर टेकून लांबट वाटेने जातं. त्यामुळे जबडा खडक नुसता दाबत नाही, खाली ओढतोही. माल भराभर उतरतो, पण जबड्याचं अस्तर घासलं जातं. दाब हवा म्हटलं तर घासणंही पदरात येतं. चार दांडे सगळ्या अटी मान्य करत नाहीत. टॉगल मात्र मुद्दाम कमजोर ठेवतात. खडकात लोखंडाचा तुकडा आला, तर ही स्वस्त पट्टी मोडावी आणि बाकीचं यंत्र वाचावं, म्हणून.

ते अस्तर असतं हॅडफील्डच्या पोलादाचं. 1882 मधला हा शोध. त्यात साधारण 12 टक्के मँगनीज असतं आणि मार खाऊन ते अधिकच कठीण होतं. म्हणजे तुमच्या मँगनीजचा खडक फोडणारा जबडाही मँगनीजचाच.