तार घरात आली, शेजार कुठे गेला?

श्रोतेहो, नवे यंत्र गावात आले की दोन आवाज हमखास उठतात. एक म्हणतो, आता गाव पुढे जाणार. दुसरा म्हणतो, आता माणूस माणसाला विचारणार नाही. रेडिओच्या वेळी हे बोलले गेले, दूरदर्शनच्या वेळी बोलले गेले, आणि आज ज्याच्या-त्याच्या हाती मोबाइल आहे, तर पारावरची वडील मंडळी तेच बोलतात. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. पण ते खरे की खोटे, हे ठरवायचे कसे? समाजशास्त्राचा अभ्यासक ते कसे ठरवतो, हे आज पाहू.

कॅनडातील टोरांटो शहराजवळ 1990 नंतरच्या दशकात एक नवी वसाहत उभी राहिली. घरे एकंदर 109. अभ्यासकांनी तिचे खरे नाव झाकून तिला ‘नेटव्हिल’ म्हटले. घरोघर वेगवान इंटरनेटची तार मिळेल, अशी हमी राहणाऱ्यांना दिलेली होती. प्रत्यक्षात ती 64 घरांत पोचली आणि 45 घरे राहून गेली.

शेतकऱ्याला याचे महत्त्व सांगावयास नको. एकाच शेतात अर्ध्या भागाला नवे खत घातले आणि अर्ध्याला नाही, म्हणजे खताचा गुण आपोआप कळतो. तसेच इथे झाले. कीथ हॅम्प्टन हा तेव्हाचा तरुण संशोधक, आज अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात प्राध्यापक आहे. ऑक्टोबर 1997 पासून ऑगस्ट 1999 पर्यंत तो त्या वसाहतीतच भाड्याने राहिला. लोकांत मिसळला, त्यांना प्रश्न विचारले आणि बॅरी वेलमन या आपल्या प्राध्यापकांबरोबर उत्तरांचा ताळा घातला.

काय आढळले? तार नसलेल्या घरातील माणूस सरासरी 8 शेजाऱ्यांना नावाने ओळखत होता. तार असलेला 25 जणांना. ज्यांच्याशी नेहमी बोलणे होई असे शेजारी एकाकडे 3, तर दुसऱ्याकडे 6. म्हणजे तारेने माणूस घरात कोंडला गेला नाही, उलट ओसरीवर आला!

हे कशामुळे? त्या तारेबरोबर वसाहतीची एक सामाईक टपाल-यादी होती. एकाने मजकूर लिहिला की तो सगळ्यांकडे जाई. कुणी चांगला डॉक्टर विचारी, कुणी भोजनाचे आमंत्रण देई. घराच्या बांधकामातले दोष निघाले, तेव्हा प्रत्येकाला कळले की हे दुखणे आपल्या एकट्याचे नव्हे. मग मंडळी समक्ष जमली आणि बांधणाऱ्याकडे एकजुटीने गेली. आता, ही ओळख बहुतेक तोंडओळखच होती, जिवाभावाची मैत्री नव्हे, हेही अभ्यासकांनी नमूद केले आहे. पण अडल्या वेळी तोंडओळखसुद्धा कामाला येते, हे का आपणाला ठाऊक नाही?

आपल्या भागातही असाच एक प्रयोग फार पूर्वी झाला आहे, आणि तो याच आकाशवाणीचा. 1956 साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत रेडिओ-शेतकरी मंडळे चालवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण 20. गावातले पंधरा-वीस जण एकत्र बसून ऐकत आणि मग त्यावर बोलत. पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याची पाहणी केली. जिथे मंडळ होते तिथे लोकांची माहिती पुष्कळ वाढली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे त्या मानाने थोडी. आणि जिथे रेडिओच नव्हता तिथे जवळजवळ नाही.

दोन देश, दोन यंत्रे, मध्ये चाळीस वर्षांचे अंतर. पण धडा एकच निघतो. यंत्र माणसांना जोडतही नाही आणि तोडतही नाही. त्याच्याभोवती चार माणसे बोलावयास बसली तर ते जोडते.

यातून एक काळजीही निघते, बरं का. नेटव्हिलमधल्या त्या 45 घरांना आमंत्रणाचा निरोप टपाल-यादीवरून मिळत नव्हता. आज आपल्या गावाचा व्हॉट्सॲपवर गट असेल, आणि ग्रामसभेची वेळ, लसीकरणाचा दिवस, नळाच्या पाण्याची खबर त्यावरच फिरत असेल, तर ज्या घरात फोन एकच आणि तोही कर्त्या पुरुषाच्या खिशात, त्या घरच्या बाईला ती कळणार कशी? शेजार तुटतो तो इथे. ज्यांच्याकडे यंत्र आहे ते आणखी जवळ येतात, आणि ज्यांच्याकडे नाही ते होते त्याहून लांब राहतात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. सातवी-आठवीच्या मुलांकडून आपल्याच आळीची पाहणी करवून घ्या. किती घरांत फोन आहे? तो कोण वापरतो? गावाचा निरोप कोणत्या घरी पोचत नाही? उत्तरे फळ्यावर मांडा. जी घरे राहून गेली असतील तिथे निरोप तोंडी पोचवण्याचे काम मुलांनी वाटून घ्यावे. गणिताचा तास होईल, नागरिकशास्त्राचाही होईल, आणि एखाद्या घराला पाण्याची वेळ वेळेवर कळेल.