पेट्रोल जाते कुठे?

गाडी उभी आहे. गिअर काढलेला आहे. पाय ॲक्सिलरेटरवर नाही. तरी इंजिन घों-घों करीत पळतेच आहे! महिनाअखेरी हिशेब करावा, तर पेट्रोलचा खर्च वाढलेला. मालक गाडी मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री एक स्क्रू पिळतो. आवाज उतरतो. चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणे.

असे का होते? चला, आपण नीट पाहू या.

जुन्या फियाट आणि ॲम्बॅसिडर गाड्यांत कार्बुरेटर असे. 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्येही तो होता. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणे हे त्याचे काम. हवा कमी पडली, की पेट्रोल नीट जळत नाही. चुलीला हवा मिळाली नाही तर धूर होतो ना? तसेच हे.

आता एकेक जागा तपासू. आधी इंजिन बंद करा आणि ते निवू द्या.

पहिला चोक. थंड इंजिनाला सुरू होताना जास्त पेट्रोल लागते. म्हणून चोक ओढला की हवेची झडप मिटते आणि इंजिनाचा वेगही वाढतो. पुढे चोक आत ढकलला, तरी कधी कधी तार अडकते. झडप अर्धी मिटलेलीच राहते. मग आवाजही वाढतो आणि पेट्रोलही जाते. एअर फिल्टरचे झाकण काढले की झडप दिसते. फिल्टर धुळीने भरला असेल, तर तोही बदला.

दुसरी ॲक्सिलरेटरची तार. ती गंजली किंवा स्प्रिंग सैल झाली, तर पाय काढला तरी वेग उतरत नाही.

तिसरी गोष्ट हवेची चोरी. कार्बुरेटरखालचे पॅकिंग फाटते, किंवा रबरी नळीला चीर पडते. तिथून इंजिन नको ती हवा ओढते आणि वेग वाढतो. नळ्या वाकवून बघा, चीर दिसेल. ती न शोधता स्क्रू पिळून पेट्रोल वाढवले, तर रोग तसाच राहतो आणि खर्च मात्र वाढतो.

प्लगही काढून बघा. त्यावर काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे. फिकट तपकिरी रंग असेल, तर ठीक.

हे सारे ठीक असूनही खर्च जास्त असेल, तर टायरमधली हवा पाहा. ब्रेक चाकाला घासतो का, तेही पाहा.

एक गोष्ट मात्र कधी विसरू नका. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नसतो. माणसाला कळायच्या आत तो जीव घेतो.

आता वहीचे काम. टाकी पूर्ण भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी टाकी पुन्हा पूर्ण भरा. गाडी किती किलोमीटर चालली आणि किती लिटर लागले, ते लिहा. समजा, गाडी 240 किलोमीटर चालली आणि 20 लिटर लागले. 240 ला 20 ने भागा. उत्तर आले 12. म्हणजे एका लिटरला 12 किलोमीटर. दुरुस्तीनंतर असेच पुन्हा मोजा.

आकडा वाढला, तर दुरुस्ती खरी. नाही वाढला, तर वही घेऊन मिस्त्रीकडे जा आणि त्याला विचारा, "दादा, चोक पाहिलात? नळी पाहिलीत?" स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावायचा.