चौपाटीचा वारा, मिकोनोसचा वारा

एप्रिलमध्ये गिरगाव चौपाटीवर सकाळी नऊला पान हलत नाही. नुसते उभे राहिले तरी घाम निथळतो. दुपारी तीनला तिथेच भेळवाल्याला कागदांच्या गठ्ठ्यावर वजन ठेवावे लागते, आणि कोरडी वाळू घोट्याला टोचू लागते. वाळूचे कण हवेत तरंगत नसतात. ते टणाटण उड्या मारत पुढे सरकतात, आणि प्रत्येक कण खाली आपटताना आणखी काहींना उडवतो. म्हणून वाळूचा मारा पायांना जास्त बसतो, तोंडाला कमी.

हा बदल घडवतात ते शाळेत शिकलेले खारे वारे. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्श्यात एक किलो कोरडी वाळू तेवढीच तापते. शिवाय वाळूत ऊन वरच्या थरातच अडकते. समुद्रात ते खोल शिरते आणि लाटा पाणी घुसळत राहतात. दुपारपर्यंत जमिनीवरची हवा तापून वर चढते, दाब किंचित उतरतो आणि समुद्रावरची गार हवा आत घुसते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हा वारा हळूहळू उजवीकडे वळतो, म्हणून दुपारचा पश्चिमेचा वारा संध्याकाळी वायव्येचा होतो.

मुंबईच्या उन्हाळ्यात हा वारा किती वाजता येतो, याला फार महत्त्व आहे. मार्चमध्ये तापलेल्या पठारावरून येणारे पूर्वेचे वारे जोरात असले, की खारे वारे दुपारपर्यंत अडून राहतात आणि तेवढ्यात पारा चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली. तीन बाजूंनी समुद्र असलेला कुलाबा अशा दिवशी सहसा कमी तापतो.

परळ-लालबागला पोहोचेपर्यंत याच वाऱ्याची वाट बदलते. रुंद टॉवरवर आदळून तो दुभंगतो, दोन इमारतींमधल्या फटीतून वेगाने सुटतो आणि टॉवरच्या आडोशाला मंदावतो. एका चाळीच्या गॅलरीत कपडे फडफडतात, तर पलीकडच्या चाळीत पंख्याशिवाय बसवत नाही.

ग्रीसच्या मिकोनोस किंवा नाक्सोस बेटावर जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीला गेलेल्यांनाही वाळू अशीच टोचते. तिथला वारा मात्र वेगळा. ‘मेल्टेमी’ उत्तरेकडून येतो आणि कधी कधी दिवसरात्र वाहतो. आकाश निरभ्र असते, तरी समुद्र इतका खवळतो की बोटी रद्द होतात. बाल्कन भागात हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानात कमी, आणि या दोहोंच्या मधल्या एजियन समुद्रावरून हा वारा सुटतो. ॲरिस्टॉटलनेही या मोसमी वाऱ्यांविषयी लिहून ठेवले आहे.

तुर्कस्तानातला तो कमी दाब म्हणजे भारत-पाकिस्तानपासून इराण-इराकमार्गे पसरलेल्या उन्हाळी कमी दाबाच्या पट्ट्याचे पश्चिम टोक. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या ब्रिटनमधील हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये आणखी एक दुवा दाखवला. आपल्याकडे मोसमी पाऊस पडताना वाफेचे पाणी होते आणि प्रचंड उष्णता मोकळी होते. तिच्या परिणामाने पूर्व भूमध्य समुद्रावर हवा खाली उतरते आणि तिथे ढग धरत नाहीत. जुलैत दादर-हिंदमाता भागात गुडघाभर पाणी साचते आणि मिकोनोसला पावसाचा टिपूस नसतो, त्यात आपल्या मान्सूनचा मोठा वाटा आहे.