एक वही आणि अनेक हात

आपल्या संस्थेच्या कार्यालयात शिरताच डाव्या हातास जे लाकडी कपाट आहे, त्यात जुन्या रोजकीर्दी व खतावण्या अजून नीट बांधून ठेवलेल्या आहेत. त्या काळी वही एक आणि तीत लिहिणारा हातही एकच असे. दुसऱ्यास काही लिहावयाचे असल्यास पहिल्याचे लिहून होईपर्यंत त्याने समोरच्या बाकावर बसून राहावे, हा नियम कोणी घालून दिला नव्हता. टाकच मुळी एक होता. आज शिष्यवृत्ती, वैद्यकीय साहाय्य, वसतिगृह व ग्रंथालय या चारही खात्यांच्या नोंदी संगणकावर आल्या आहेत, टेबले तीन झाली आहेत, आणि अर्जांच्या दिवसांत तिन्ही टेबलांवरून एकाच वेळी नोंदी होत असतात. अशा वेळी ‘डेटाबेसला कुलूप आहे’ अशा अर्थाचा संदेश पडद्यावर उमटतो, हातातले काम अडते आणि रांगेतील मंडळी स्वयंसेवकांकडे रागाने पाहू लागतात. हे कुलूप कोण लावतो, कशासाठी लावतो आणि ते कायमचे काढून का टाकीत नाही, असे कित्येक सभासदांनी मला विचारले आहे. अमृतमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्याचे उत्तर द्यावे, असे संपादक मंडळाने सुचविले, म्हणून हे चार शब्द.

आपल्या नोंदी ज्या साधनात आहेत त्याचे नाव एसक्यूलाइट. डी. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी २००० साली ते तयार केले. त्या वेळी ते अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेवरील संगणकव्यवस्थेचे काम करीत होते. मोठे डेटाबेस बँकेसारखे असतात. खिडकीपलीकडे कारकून बसलेला असतो, आपण चिठ्ठी द्यावी आणि त्याने वहीत पाहून सांगावे. तो कारकून जागेवर नसला की सारेच ठप्प. हिप यांनी कारकूनच काढून टाकला. ज्या आज्ञावलीस नोंद हवी तिने स्वतःच वही उघडावी, स्वतःच लिहावे. आणि वही म्हणजे संगणकातील एक साधी फाइल. त्यावर त्यांनी कोणताही स्वामित्वहक्क ठेवलेला नाही. आपणा सर्वांच्या खिशातील मोबाइलमध्येही तेच साधन आहे.

कारकून गेला म्हणजे शिस्त राखण्याचे काम मात्र कोणी तरी केले पाहिजे. ते काम कुलुपे करतात. त्यांची रीत समजण्यास देवळाचे उदाहरण बरे. जेथे गाभाऱ्यात जाऊन दर्शन घेण्याची मुभा आहे असे एखादे देऊळ घ्या. दर्शन घेणारे कितीही असोत, ते एकमेकांस अडवीत नाहीत. वाचणाऱ्यांचे कुलूप हे असे असते. नैवेद्याची वेळ जवळ आली की पुजारी बाहेर ताट वाढावयास घेतो. त्या वेळी दुसऱ्या पुजाऱ्याने ताट वाढावयाचे नसते, पण दर्शन चालूच राहते. हे राखीव कुलूप. ताट तयार झाले की दाराशी उभा असलेला माणूस नव्यांना थांबवितो आणि आतल्यांना सावकाश बाहेर येऊ देतो. शेवटचा भक्त बाहेर आला की दार बंद होते आणि आत पुजारी एकटा राहतो. संगणकाच्या भाषेत हे शेवटचे ते अनन्य कुलूप, आणि प्रत्यक्ष लेखन तेवढ्याच अवधीत होते. नव्यांना दाराशी थांबविण्याची मधली पायरी मोठी शहाणपणाची आहे. ती नसती तर दर्शनाची रीघ कधी तुटलीच नसती आणि लिहिणारा बिचारा ताट हातात धरून उभाच राहिला असता.

लिहिण्यापूर्वी आणखी एक काळजी घेतली जाते. ज्या पानावर बदल करावयाचा त्याची मूळ प्रत आधी एका वेगळ्या फाइलीत उतरवून ठेवली जाते. पावसाळ्यात वीज जाणे आपल्याकडे नवे नाही. अर्धे लिहून झाले आणि वीज गेली, तर पुढच्या वेळी जो कोणी वही उघडतो त्याला ती प्रत दिसते, आणि प्रथम पान पूर्ववत करून मगच काम सुरू होते. म्हणून मूळ फाइलीशेजारी एखादी अनोळखी नावाची फाइल दिसली तर ‘ही कसली अडगळ’ म्हणून ती पुसून टाकू नये.

आता २०१८ सालच्या जुलैमधील ती गोष्ट सांगतो. वैद्यकीय साहाय्य निधीत त्या दिवशी १२,००० रुपये शिल्लक होते. दोन टेबलांवर दोन कुटुंबे बसली होती. दोन्ही पडद्यांवर १२,००० दिसत होते. दोन्हीकडे कागदपत्रे पाहून, विचारपूस करून प्रत्येकी ८,००० रुपयांचे मंजुरीपत्र देण्यात आले, आणि दोन्ही टेबलांवरून शिल्लक ४,००० अशी नोंद झाली. एकदाही कुलुपाचा संदेश आला नाही. सायंकाळी कोषाध्यक्षांनी पावत्यांची बेरीज केली तेव्हा निधीतून १६,००० गेले असल्याचे उघड झाले. वहीत मात्र ४,००० रुपये सुखाने शिल्लक होते. दोन्ही पत्रे तोवर रुग्णालयांत पोचली होती. ती परत घेणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. कमी पडलेले ४,००० कार्यकारिणीतील मंडळींनी आपसांत वर्गणी करून भरले. ती आज्ञावली मी लिहिली होती, हे येथे सांगितलेच पाहिजे.

कुलुपाने आपले काम चोख केले होते. एकाचे लिहून झाल्यावरच दुसऱ्यास लिहू दिले होते. परंतु मी शिल्लक वाचण्याचे काम वेगळे आणि लिहिण्याचे काम वेगळे ठेवले होते; मधल्या वीस मिनिटांत जगात काही घडले असेल याची दखल आज्ञावली घेतच नव्हती. वाचणे व लिहिणे हे दोन्ही एकाच ‘व्यवहारा’त आले पाहिजे. व्यवहार म्हणजे अशी कामाची जुडी की जी एक तर पुरी होते, नाही तर झालीच नाही असे धरले जाते. आता मंजुरीची कळ दाबताच शिल्लक पुन्हा नव्याने वाचली जाते, पुरेशी असेल तरच रक्कम वजा होते, आणि हे सारे एका कुलुपाखाली घडते. शिवाय शिल्लक हा आकडा आम्ही आता लिहून ठेवीतच नाही. जमेतून खर्च वजा घालून तो दर वेळी काढतो. जुन्या खतावणीकाराला हे कोणी शिकवावे लागले नसते.

यातही एक खोच आहे. दोघांनी एकाच वेळी व्यवहार उघडला, दोघांनी आधी वाचले, आणि मग दोघांनाही लिहावयाचे आहे असे समजा. एकाने ताट वाढले आहे, पण दुसरा गाभाऱ्यातून हलत नाही. कारण त्यालाही ताट वाढावयाचे आहे. असे दोघे कल्पांतापर्यंत उभे राहतील. एसक्यूलाइट हे ओळखते आणि दोघांपैकी एकास वाट पाहावयास न लावता तत्काळ नकार देते. यावर उपाय असा की ज्या व्यवहारात पुढे लिहावयाचे आहे त्याने आरंभीच तसे सांगावे आणि राखीव कुलूप घेऊनच आत शिरावे. मग दुसरा बाहेरच थांबतो आणि आपली पाळी आली की ताजी शिल्लक वाचतो.

थांबणे हेही सांगून ठेवावे लागते. मूळ एसक्यूलाइटला काही सांगितले नाही तर ते क्षणभरही थांबत नाही. दार बंद दिसताच परत फिरते आणि तो रागीट संदेश दाखविते. पाच सेकंद वाट पाहा, एवढी सूचना दिली की दहांतले नऊ संदेश नाहीसे होतात, असा माझा अनुभव आहे. पण व्यवहार उघडा ठेवून अर्जदाराशी बोलत बसणाऱ्या आज्ञावलीस पाच सेकंद काय आणि पाच मिनिटे काय! माणसाच्या बोलण्याचा, विचाराचा, चहाचा वेळ व्यवहाराच्या बाहेर असावा. आत केवळ आकड्यांचे काम असावे.

२०१० सालापासून एसक्यूलाइटमध्ये लेखनाची दुसरीही एक रीत आली आहे. ती आपल्या हिशेबनिसांस ऐकताच ओळखीची वाटली. हिच्यात मुख्य वहीस हात न लावता नवी नोंद शेजारच्या फाइलीत एकाखाली एक लिहीत जावयाची, आणि सुमारे १,००० पाने साठली की ती मुख्य फाइलीत उतरवावयाची. म्हणजे आधी रोजकीर्द, मग खतावणी! या रीतीत वाचणारा लिहिणाऱ्यास अडवीत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्यास. वाचणारा आत शिरताना रोजकीर्द जेथवर आली होती तेथवरचेच त्यास दिसते. पुढे काय लिहिले गेले याचा त्याच्या वाचनावर परिणाम होत नाही. मात्र लिहिणारा येथेही एका वेळी एकच. आणि कोणी वाचक तासभर आत बसून राहिला तर खतावणी पुरी करता येत नाही व रोजकीर्द फुगत जाते. आम्ही ही रीत स्वीकारली तेव्हापासून अर्जांच्या दिवसांतील गर्दी पुष्कळच सुसह्य झाली आहे.

ग्रंथालयाची यादी संगणकावर चढविताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक व्यवहाराच्या शेवटी नोंद खरोखरच चकतीवर गेली याची खात्री करून घेतली जाते, आणि वेळ तेथे जातो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या चकतीवर सेकंदास असे साठएक व्यवहारच होतात, असे कर्त्यांनीच सांगितले आहे. उलट एकाच व्यवहारात सेकंदास ५०,००० नोंदी घालता येतात. म्हणून पुस्तकागणिक एक व्यवहार करू नये. पण सारी यादी एकाच व्यवहारात घातली तर तेवढा वेळ शेजारच्या टेबलावरील वसतिगृहाचे काम खोळंबते. काहीशे नोंदींची एक जुडी करावी, मध्ये इतरांस वाट द्यावी.

आता शोधाविषयी. शोध आणि कुलूप हे दोन प्रश्न वेगळे आहेत असे वाटते खरे, पण जुन्या रीतीत सावकाश वाचणारा म्हणजे गाभाऱ्यात रेंगाळणारा भक्त. तो बाहेर येईपर्यंत लिहिणारा थांबतो. समजा ४०,००० नोंदी आहेत आणि आडनावाची सूची नाही. एक नाव शोधण्यास चाळीस हजार नोंदी चाळाव्या लागतील. नावे क्रमाने लावलेली सूची असेल तर दर वेळी निम्मा भाग टाकून देत सोळा पायऱ्यांत नाव सापडते. म्हणून ज्या रकान्यावरून नेहमी शोध घेतला जातो त्याची सूची असावीच. तरी प्रत्येक रकान्याची सूची करण्याचा मोह आवरावा. एक नोंद घातली की ती प्रत्येक सूचीतही घालावी लागते, आणि तेवढे लेखनाचे कुलूप लांबते. शिवाय नावाच्या मधलेच अक्षर धरून शोध केला तर सूची निरुपयोगी. कोशात ‘र’ने आरंभ होणारे शब्द चटकन सापडतात, ‘र’ मध्ये असलेले सापडत नाहीत, तसेच हे. एसक्यूलाइटला विचारले तर एखाद्या प्रश्नासाठी ते सूची वापरणार की सारे चाळणार, हे ते आधीच सांगते. तर्क करीत बसण्यापेक्षा विचारावे.

मजकुरातील कोणताही शब्द शोधण्यासाठी त्यात एक निराळी सोय आहे. ती आम्ही मोठ्या उत्साहाने सुरू केली, आणि ‘काळे’ शोधले असता ‘कोळी’ही पुढे आले. ‘मोरे’ शोधले तर मीराबाईंवरील पुस्तके आली. कारण असे की, ही सोय आपण होऊन केवळ अक्षरे व अंक यांनाच शब्दाचे भाग मानते. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना ती शब्द तोडणारी चिन्हे समजते. मग ‘काळे’ काय आणि ‘कोळी’ काय, दोन्हींचे ‘क’ आणि ‘ळ’ एवढेच उरते. या चिन्हांचे वर्गही शब्दात धरावेत असे सूची बांधतानाच सांगता येते. तसे सांगून ती पुन्हा बांधली आणि काळे व कोळी आपापल्या घरी गेले.

येथे इंदुरात एक अडचण उरतेच. हिंदी वळणाने लिहिणाऱ्या हाताने ‘काळे’चे ‘काले’ आणि ‘कुलकर्णी’चे ‘कुलकर्नी’ केलेले असते. मग पाच वर्षांपूर्वी ज्या विद्यार्थिनीस मदत दिली तिचे खाते सापडत नाही आणि तिला नव्याने सारी कागदपत्रे आणावयास सांगितले जाते. त्यासाठी आम्ही नावाशेजारी एक आडरकाना ठेवला आहे. त्यात ळचा ल व णचा न करून नाव लिहिले जाते, शोध त्यावरून होतो आणि छापताना मात्र खरे नावच येते. जुन्या नोंदींपैकी वसतिगृहाच्या नोंदींत हा रकाना भरावयाचा राहिला आहे.

तिन्ही संगणकांवरून एकच फाइल परस्पर उघडण्याची सूचना मधूनमधून येते. ती आम्ही मान्य केलेली नाही. दुसऱ्या यंत्रावरील फाइलीस लावलेले कुलूप पुष्कळदा भरवशाचे नसते, आणि रोजकीर्दीची रीत तर एकाच यंत्रावर चालते. म्हणून फाइल कोषाध्यक्षांच्या खोलीतील यंत्रावर आहे आणि बाकीची दोन टेबले तेथील आज्ञावलीकडे मागणी पाठवितात. प्रत काढतानाही मुख्य फाइल तेवढी उचलून नेऊ नये. दिवसभराच्या नोंदी शेजारच्या रोजकीर्दीत असतात, त्या मागेच राहतील. प्रत काढण्याची सोय एसक्यूलाइटमध्येच आहे. दर शनिवारी कार्यालय बंद होण्यापूर्वी ती वापरून प्रत काढली जाते आणि कार्यवाह ती स्वतःच्या घरी नेतात.