वस्तीवरचे सोबती (भाग ६) : कोंबडीचा कंटाळा यायला हवा

कुत्र्याचं पिल्लू कुठून आणि किती वयाचं आणावं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. ते आता वस्तीवर आलंय असं धरू. अंगणात सात-आठ गावरान कोंबड्या, एक कोंबडा, डालग्याखाली एखादी खुडूक. कुंपण बाभळीच्या काट्यांचं, तेही दोन ठिकाणी मोडलेलं. कोंबड्या दिवसभर मोकळ्या हव्यात, कारण उकिरडा उकरून आणि किडे वेचून त्या आपलं बरंचसं पोट भरतात. कुत्राही मोकळा हवा, कारण मुंगसाला नि रानमांजराला बांधलेल्या कुत्र्याचा धाक फार दिवस राहत नाही. दोघं मोकळे ठेवायचे आणि संध्याकाळी कोंबड्या मोजल्या तर तेवढ्याच भरल्या पाहिजेत, एवढीच अपेक्षा.

कुत्रा भुकेपोटी कोंबडी मारतो, त्याला पोटभर घातलं की मारणार नाही, असं गावोगाव ऐकू येतं. पण भाकरी खाऊन तृप्त झालेला कुत्राही कोंबडी मारतो आणि पुष्कळदा मारून तिथंच टाकून देतो. अमेरिकेत हॅम्पशायर कॉलेजात कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास केलेल्या रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीच्या पायऱ्या वेगवेगळ्या करून दाखवल्या: रोखून पाहणं, दबकत जाणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं, खाणं. लांडग्यात त्या एकामागून एक येतात. कुत्र्यात माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काही पायऱ्या वाढवल्या, काही दाबून टाकल्या. म्हणून एखाद्या कुत्र्याला खाण्यात रस नसतो, पण पाठलागाचं वेड असतं. फडफडत, ओरडत, वाकडीतिकडी पळणारी कोंबडी म्हणजे त्या वेडाला उघड आमंत्रण.

याचा अर्थ असा की पाठलाग हेच कुत्र्याचं बक्षीस. कोंबडी हाती लागली नाही, तुम्ही ओरडलात, तरी पळण्याची मजा त्याला मिळून गेलेली असते. म्हणून पहिला पाठलाग होऊच न देणं, हे नंतरच्या कितीही शिकवणीपेक्षा मोलाचं. आपल्याला कुत्र्याच्या मनात कोंबडीबद्दल भीती घालायची नाही, माया तर त्याहून नाही. त्याला कोंबडीचा कंटाळा यायला हवा. रोजचीच आहे, पळत नाही, तिच्यामुळे काही घडत नाही, असं त्याला वाटलं की काम झालं.

आणि इथेच घरची माणसं आडवी येतात. अंगणात ज्वारी किंवा कुरडयांचं वाळवण घातलेलं असतं, कोंबड्या त्यात शिरतात, घरातलं कुणीतरी काठी घेऊन धावतं. पिल्लू मागोमाग धावतं आणि सगळे हसतात. कोंबड्या हुसकावणं हे आपलं काम आहे, असा धडा त्याने त्या दिवशी घेतला. पोरं शेजाऱ्याच्या कोंबडीवर ‘छू’ म्हणून सोडतात, तो दुसरा धडा. रविवारी कोंबडी कापली की पिसं आणि आतडी कुत्र्यापुढे टाकायची, मानमोडीने मेलेली कोंबडीही त्याच्याकडेच फेकायची, हा तिसरा. दारातल्या जिवंत कोंबडीच्या वासाला आणि त्या चवीला आपण स्वतःच्या हाताने जोडून देतो. मेलेली कोंबडी खोल पुरावी, रोगाच्या दृष्टीनेही तेच योग्य.

चौथी गोष्ट ताटलीची. कुत्रा जेवत असताना कोंबडी बिनधास्त येऊन त्याच्या भाकरीत चोच घालते. कुत्रा गुरगुरतो, तिला गुरगुरण्याची भाषा कळत नाही, मग तो चावा घेतो. तिचा जीव तेवढ्यानेही जातो. यात शिकार नाही, ताटावरचं भांडण आहे. कुत्र्याला कोंबड्या पोचणार नाहीत अशा जागी खायला घालावं, किंवा त्या खुराड्यात गेल्यावर. एवढ्याने अर्धी कटकट मिटते, असं माझं मत आहे.

खुराड्याशेजारी साखळीने बांधून ‘सवय लागेल’ म्हणणं ही सगळ्यात वाईट युक्ती. कोंबड्या दोन दिवसांत साखळीची लांबी ओळखतात आणि बरोबर तिच्या पलीकडे चरत राहतात. कुत्रा दिवसभर हिसके देत राहतो, त्याची ओढ वाढतच जाते, आणि साखळी सुटते त्या दिवशी ती सगळी एकदम बाहेर पडते. रात्री खुराड्याच्या राखणीला बांधणं बिबट्याच्या मुलखात तर निव्वळ घातक. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने जवळजवळ ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. राखणदारालाच रात्री बंदिस्त जागा लागते.

आता प्रत्यक्ष शिकवणं. पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जे आसपास असतं, ते त्याला घरचं वाटू लागतं. स्कॉट आणि फुलर यांनी कुत्र्यांवरच्या दीर्घ प्रयोगांनंतर १९६५ च्या त्यांच्या ग्रंथात हा काळ मांडला. धनगराच्या वाड्यात मेंढरांच्या पायांत वाढलेल्या पिल्लाला हे शास्त्र कुणी सांगावं लागत नाही. आपल्या पिल्लालाही याच दिवसांत कोंबड्या दिसू द्याव्यात, पण जाळीआडून आणि त्या शांतपणे दाणे टिपत असताना. पिल्लं घेऊन फिरणाऱ्या कोंबडीजवळ मात्र त्याला नेऊ नये. ती अंगावर आली की चोच सरळ डोळ्यावर मारते.

पुढचं काम लांब दोरीवर. पंधरा-वीस फुटांचं दावं गळ्यातल्या पट्ट्याला बांधावं. आधी बांधाबांधाने फिरवून त्याची रग जिरवावी, मग कोंबड्या दिसतील पण तो तुमची हाकही ऐकेल, इतक्या अंतरावर बसावं. कोंबडीकडे पाहून त्याने आपणहून मान वळवली, जमीन हुंगली, तुमच्याकडे पाहिलं, की लगेच सुकटीचा किंवा दुधात भिजवलेल्या भाकरीचा तुकडा. ‘लगेच’ म्हणजे त्याच क्षणी. तोंड मिटलं, कान पुढे आले, शेपूट ताठ झाली, एक पाय अधांतरी राहिला, तर तुम्ही फार जवळ आहात. रागावू नका, मागे सरका. पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी, त्याहून जास्त नाही. अंतर हळूहळू कमी करायचं. मग दोरी जमिनीवर फरफटत राहू द्यायची, आणि ती काढायची सगळ्यात शेवटी. सकाळी खुराडं उघडताना आणि तिन्हीसांजेला कोंबड्या पंख फडफडवत आत चढताना सगळ्यात जास्त गडबड असते. त्या दोन वेळा पक्क्या झाल्याशिवाय दोरी काढू नये.

घाई का नको, ते मारेम्मा या इटालियन राखणकुत्र्यांवरून कळतं. ऑस्ट्रेलियात वॉर्नम्बूलजवळच्या मिडल आयलंडवर ओहोटीच्या वेळी कोल्हे जाऊन पेंग्विन मारत. २००५ पर्यंत त्या बेटावर दहासुद्धा पेंग्विन उरले नव्हते. मोकळ्या कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याने आपले मारेम्मा कोंबड्यांना राखतात, मग पेंग्विनना का नाही, असं सुचवलं. २००६ पासून तिथं कुत्रे राहू लागले आणि पक्षी पुन्हा वाढले. त्यावर ‘ऑडबॉल’ नावाचा चित्रपटही निघाला. चित्रपटात सगळं गोड दिसतं. प्रत्यक्षात या जातीची सहा महिन्यांपासून दीड वर्षांपर्यंतची वयात येणारी कुत्री खेळता खेळता कोंबड्या मारतात, आणि दोन वर्षांची होईपर्यंत जाणकार त्यांना पक्ष्यांसोबत एकटं सोडत नाहीत. शेकडो वर्षं राखणीसाठी निवडलेल्या जातीची ही गत. सोलापूर-लातूरकडचा कारवानी किंवा पश्मी तर नजरेने शिकार हेरणारा, धावणारा कुत्रा. त्याच्याकडून हळूहळू चालणाऱ्या घरच्या कोंबड्यांपुरता संयम मिळेल. पळत्या कोंबडीपुढे त्याच्यावर विसंबू नये.

कोंबडी मारलीच, तर नंतर मारहाण करून उपयोग नाही. काही क्षणांपलीकडचा संबंध कुत्र्याला जुळवता येत नाही. मेलेली कोंबडी गळ्यात बांधायचा जुना उपाय तर क्रूर आणि निरुपयोगी दोन्ही आहे. गाजावाजा न करता कोंबडी उचलावी, कुत्र्याला पुन्हा दोरीवर आणावं. वारंवार मारणारा मोठा कुत्रा भरवशाचा होईल ही आशा सोडावी आणि मधे पाच फुटी जाळी ठोकावी.

आणखी एक. आपल्या अंगणात शहाणा झालेला कुत्रा शेजारच्या वस्तीवरच्या कोंबड्यांशी शहाणा वागेलच असं नाही. जागा बदलली की धडा पुन्हा पहिल्यापासून, तिथल्या कोंबड्यांसमोर, दोरीसकट. तोवर पैसे वेगळे काढून ठेवा, आणि कोंबडी गेली तर त्याच दिवशी चुकते करा. अंड्यावर आलेली तलंग असेल तर शेजारी ती चिकनच्या भावाने मोजणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

(पुढील आठवड्यात : अंडी फोडून खाणारा कुत्रा)