पाण्यानेच पाणी अडवणारं पिंप

फळीला फळी टेकवलेली. मध्ये डिंक नाही, खिळा नाही, रबराची चकती तर नाहीच. तरीही अशा तीसेक फळ्यांच्या लाकडी पिंपात दोनशे लिटर व्हिस्की वर्षानुवर्षं सुखाने नांदते. अमेरिकेत अशी जुनी पिंपं मधोमध कापतात, अर्ध्या पिंपात बर्फ ओततात आणि अंगणातल्या पार्टीत बाटल्या गार करायला ठेवतात. वरवर पाहता हा निव्वळ हौसेचा मामला. पण हे अर्धं पिंप गळत का नाही, असं एकदा विचारलं की मग पार्टीतलं लक्ष उडालंच म्हणून समजा.

आधी, इतकी पिंपं रिकामी होतात कशी? कायद्यामुळे. अमेरिकेत व्हिस्कीला ‘बर्बन’ म्हणवून घ्यायचं असेल, तर ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनसाठी बाद. एरवी मात्र ते धडधाकट असतं. मग अमेरिकेच्या केंटकी राज्यातली ही पिंपं स्कॉटलंडला जातात आणि तिथे आणखी काही दशकं राबतात. गोव्यात तयार होणारी पॉल जॉन ही सिंगल मॉल्ट व्हिस्कीसुद्धा अशाच जुन्या बर्बन-पिंपांत मुरते. सगळी नोकरी संपली की पिंपाच्या वाट्याला बाग येते: एक तर कुंडी, नाहीतर बर्फाचं टोपलं.

आता लाकूड. झाड मुळांकडून पाणी वर चढवतं ते बारीक नळ्यांमधून, म्हणजे लाकूड हा मुळात नळ्यांचा जुडगा. तांबड्या ओकच्या काठीचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकलं, तर पाण्यात चक्क बुडबुडे येतात. पांढऱ्या ओकच्या काठीत गाल दुखेपर्यंत फुंकलं तरी काही नाही. कारण पांढऱ्या ओकच्या नळ्या जुन्या झाल्या की शेजारच्या पेशी त्यांच्यात फुग्यासारख्या शिरून त्या बुजवून टाकतात. झाडाने स्वतःच बूच मारलेलं हे लाकूड पिंपासाठी निवडलं जातं, आणि तेही अशा दिशेने चिरून की त्यातले आडवे पट्टे झिरपणाऱ्या द्रवाच्या वाटेत भिंतीसारखे उभे राहावेत.

फळी सलग झाली, पण दोन फळ्यांमधल्या फटीचं काय? प्रत्येक फळी मध्ये रुंद आणि टोकांना निमुळती असते. वाफेने आणि आगीच्या धगीने ती नरम करून वाकवतात. गार झाली की तो बाक कायमचा बसतो. बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव जशी गार होताना आकसून चाक आवळते, तसे पिंपाचे पट्टेही फळ्या आवळतात. मात्र इथे तापवावं लागत नाही. पिंपाचं पोट फुगलेलं असल्यामुळे पट्टा टोकाकडून पोटाकडे ठोकत नेला की तो आपोआप घट्ट होत जातो.

खरी करामत यानंतरची. ओक भिजलं की फुगतं. लांबीत जवळजवळ नाहीच, पण रुंदीत चांगलंच. दोन मीटर घेराच्या पिंपात सगळ्या फळ्यांची वाढ मिळून काही सेंटीमीटर भरते. लोखंडी पट्टा मात्र तसूभर हलत नाही. मग त्या वाढीला जायला जागाच उरत नाही, आणि ती फळीला फळीवर दाबत राहते. म्हणजे जे पाणी बाहेर पडायला बघतं, तेच आपली वाट बंद करतं. कोरडं पडलेलं पिंप भरलं की आधी प्रत्येक सांध्यातून धार लागते, मग थेंब, आणि एक-दोन दिवसांत तेही थांबतात.

असं पिंप कापण्याआधी मात्र सावध राहावं लागतं. लाकडात मुरलेल्या अल्कोहोलची वाफ रिकाम्या पिंपात साठते आणि ती पेट घेऊ शकते. तेव्हा पिंप आधी पाण्याने भरून रिकामं करायचं. मग प्रत्येक पट्ट्यातून प्रत्येक फळीत आखूड स्क्रू मारायचा, नाहीतर लाकूड सुकल्यावर पट्टा निमुळत्या बाजूकडे घसरतो आणि हातात फळ्यांची मोळी उरते. व्हिस्की भरायचं भोक नेमकं पोटावर असतं, त्यामुळे करवत त्याच्या मधून जाते आणि दोन्ही अर्ध्या पिंपांच्या काठावर एकेक अर्धगोल खाच राहते. आतला कोळशाचा थर घासून काढायचा, तळाशी तोटी बसवायची. यात बाटल्या गार करायच्या. हा बर्फ पेल्यात मात्र घालायचा नाही.

बर्फाचा हिशोबही थक्क करणारा आहे. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. 330 मिलीच्या 24 बाटल्या 30 अंशांवरून 5 अंशांवर आणायला, काच धरूनही, तीनेक किलो बर्फ पुरेल. बाकीचा सगळा बर्फ खर्च होतो तो भोवतालच्या उन्हा-वाऱ्याशी झुंजण्यात. इथे लाकूड कामाला येतं. त्याच्या पेशींत हवा कोंडलेली असते, त्यामुळे लोखंडातून जितक्या सहज उष्णता वाहते त्याच्या शेकडो पटींनी कमी ओकमधून वाहते. पत्र्याच्या बादलीला बाहेरून घाम फुटतो, अडीच सेंटीमीटर जाडीचं पिंप बरंचसं कोरडं राहतं. वर झाकण टाकलं तर आणखी उत्तम.

नुसता बर्फ ओतून मात्र भागत नाही. खड्यांमधल्या फटींत हवा असते, आणि हवा उष्णता नेण्यात आळशी. बर्फ बुडेल इतकं पाणी घातलं की गारवा बाटलीला चहूबाजूंनी भिडतो. पॉट आइस्क्रीमसारखं मूठभर मीठ टाकलं तर तापमान शून्याच्याही खाली जातं. पण मग बाटल्या गोठून फुटायची भीती, शिवाय पट्टे गंजतात ते वेगळंच.

पार्टी संपल्यावर पिंप पुसून, उन्हात खडखडीत वाळवून ठेवावंसं वाटतं, आणि तिथेच ते मरतं. उलट ओलं राहिलेलं लाकूड टिकतं: इंग्लंडमधल्या सिल्चेस्टर इथे रोमन काळातल्या विहिरींना आतून अस्तर म्हणून बसवलेली जुनी पिंपं उत्खननात सापडली. हवा न पोहोचणाऱ्या ओल्या मातीत ते लाकूड शतकानुशतकं टिकलं. लाकडाला खातं ते पाणी नव्हे, कधी ओलं तर कधी कोरडं असं हेलकावणं. तेव्हा बर्फ संपला तरी पिंपात पाणी राहू द्या, डास होऊ नयेत म्हणून झाकून ठेवा आणि दर आठवड्याला बदलत राहा.